सगळे दिवे एकदम

चिंतामणरावांची गाडी पुन्हा बंद पडली ती इंदूरजवळच्या राऊच्या बाजारात, ऐन गर्दीत. गतिरोधकावरून चाक उतरलं मात्र, समोरच्या पट्टीवर बॅटरीचा, तेलाचा, ब्रेकचा, एअरबॅगचा, असतील नसतील तेवढे दिवे एकदम पेटले. इंजिन गप्प, स्टिअरिंग जड. मागचा टेम्पोवाला सगळ्या खानदानाचा उद्धार करून मोकळा झाला. चिंतामणरावांनी किल्ली फिरवली, तर गाडी अशी सुरू झाली जणू काही घडलंच नाही. गाडी जुनी होती, कबूल, पण आजवर कधी कुरकुरली नव्हती आणि आता महिन्याभरात ही नाटकं.

शेजारी पत्नी, सुहासिनीबाई, बसल्या होत्या. घरी पोचताच त्यांनी मुलाला, जयेशला, फोन लावला.

तोवर गाडी दोनदा देवेंद्रकडे राहून आली होती. देवेंद्र गाड्यांचा इलेक्ट्रिशियन, माणूस चोख. त्याने बॅटरी बदलली, तारा घासूनपुसून पक्क्या केल्या, स्वतः गाडी गावभर फिरवली. एकदाही बंद पडली नाही. जयेशनेही ती ऑफिसला नेऊन पाहिली, त्याच्याही हाती मक्खन चालली. या खेपेला देवेंद्रने गाडीला बिघाड तपासायचं छोटं मशीन जोडलं, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि चिंतामणरावांना सोडून जयेशकडे बघत बोलला.

"भिया, बिघाडाने बंद पडली असती ना, तर आत काहीतरी नोंद राहिली असती. इथे सगळं साफ आहे. गाडीच्या हिशोबाने तर काकाजींनीच किल्ली बंद केली."

"मी?" चिंतामणराव म्हणाले. "चालत्या गाडीत?"

"मी नाही म्हणत, काकाजी. मशीन म्हणतंय."

झालं. मशीन म्हणतंय म्हटल्यावर माणसाने बोलायचं तरी काय? जन्मभर पोरांना गणित शिकवलं, पण त्या तळहाताएवढ्या डबीपुढे गुरुजींच्या शब्दाला कोण विचारतो. परतीच्या वाटेवर जयेश हळूच म्हणाला, "बाबा, शामकाकांचं पण असंच सुरू झालं होतं ना."

शामराव म्हणजे चिंतामणरावांचे थोरले बंधू. आधी गॅस चालू राहायला लागला, मग चष्मा फ्रीजमध्ये सापडला, आणि एके दिवशी त्यांनी स्वतःच्या मुलीला विचारलं, आपण कुणाकडे आलात? चिंतामणराव तेव्हा तिथेच बसले होते. त्या पोरीचा चेहरा ते विसरू म्हणता विसरू शकले नव्हते.

आता ते येता-जाता आपल्या उजव्या हाताकडे बघायला लागले. खरंच हा हात किल्लीकडे गेला असेल? गेला असेल आणि आपल्याला आठवत नसेल? गाडी राहो, जावो, तिचं फार काही नव्हतं. पण आपलं डोकं आपल्या हातून निसटतंय, या भीतीने ते आतून पोखरून निघाले होते.

शुक्रवारी सकाळी जयेश दारात हजर. मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली होती, इंदुरात, भंवरकुआं चौकाच्या पुढे. गाडीला गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं. डॉक्टर काय म्हणतात त्यावर पुढचं ठरायचं.

"आज मी चालवतो. किल्ली द्या, बाबा. माझ्याकडची दुसरी घरी राहिली."

चिंतामणरावांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि सवयीने गाडीची किल्ली सुटी करायला लागले. नख कडीत अडकलं, आणि ते थांबले.

देवेंद्रला गाडी देताना त्यांनी दर वेळी हेच केलं होतं. घराच्या किल्ल्या गॅरेजात कोण सोडतं? पुढचं दार, जाळीचं दार, दोन कपाटं, गच्ची, पाण्याची टाकी, बहिणीचा राजवाड्याजवळचा फ्लॅट, वर पितळेचा गणपती. हे सगळं ओझं किल्लीला लटकायचं ते फक्त त्यांच्या हातात गाडी असताना. देवेंद्रच्या हातात सुटी किल्ली, जयेशच्या हातात सुटी किल्ली. गतिरोधकावर क्लच दाबला, दणका बसला, जुडगा हिसका देतो, किल्लीमागचा झिजलेला स्विच क्षणभर सुटतो आणि परत लागतो. दिवे पेटतात, इंजिन मेलेलं असतं. गाडीला वाटतं, मालकाने किल्ली फिरवली.

असेल का असं? की हीसुद्धा डोकं फिरलेल्या म्हाताऱ्याची थाप?

सांगावं असं त्यांच्या ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं आणि अख्खा जुडगा मुलाच्या हातात ठेवला.

"हळू चालव," एवढंच म्हणाले.

राऊ सुटलं. पहिला गतिरोधक आला. चिंतामणरावांनी श्वास रोखून दिव्यांकडे पाहिलं. काही नाही. दुसरा आला, गेला. जुडगा जयेशच्या गुडघ्यावर आपटत होता आणि गाडी कशी शहाण्यासारखी चालत होती. गाडी बंद पडावी म्हणून देवाला साकडं घालणारा दुसरा माणूस इंदूरभर शोधून सापडला नसता. आणखी एक गतिरोधक गेला. भंवरकुआंचे क्लासेसचे बोर्ड दिसायला लागले तसा त्यांचा धीर सुटला. म्हणजे किल्लीकडे गेला तो आपलाच हात. डोळ्यांत पाणी आलं म्हणून त्यांनी मान खिडकीकडे वळवली.

तेवढ्यात आणखी एका गतिरोधकावर गाडीला दणका बसला. इंजिनचा आवाज गेला.

त्यांनी वळून पाहिलं. सगळे दिवे एकदम पेटलेले. जयेशचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, चेहरा पांढराफटक. मागून बसने कर्कश हॉर्न दिला आणि करकचून ब्रेक लावत ती जेमतेम त्यांच्या बंपरपाशी थांबली.

"बाबा, मी काही नाही केलं. देवाशप्पथ, हात पण नाही लावला."

चिंतामणरावांना इतका आनंद झाला की त्याची त्यांनाच लाज वाटली. मागे बस येऊन ठेपलीय, पोराला घाम फुटलाय, आणि आपण हसतोय. "माहीत आहे मला," ते म्हणाले. "किल्ली फिरव. कडेला घे आधी."

गाडी कडेला लागल्यावर त्यांनी जुडग्याचं सगळं सांगितलं. जयेशने जुडगा तळहातावर तोलून पाहिला.

"म्हणजे निघतानाच तुम्हाला कळलं होतं. आणि मला सांगितलं नाही? ती बस आपटली असती तर?"

"आपटली असती तर मी तोंड दाखवलं नसतं तुला. चुकलंच माझं," चिंतामणराव म्हणाले. "पण सांगितलं असतं तर तू किल्ली सुटी करून घेतली असतीस, आणि मला त्या डॉक्टरपुढे नेऊन बसवलं असतंस."

जयेश "सॉरी" म्हणाला, तेही पुटपुटत.

चिंतामणरावांनी गाडीची किल्ली कडीतून ओढून काढली आणि जुडगा मुलाच्या मांडीवर टाकला.

"उतर. मी चालवतो. देवेंद्रकडे जाऊ, स्विच बदलून घेऊ."

जयेश उतरला, वळसा घालून डावीकडे बसला आणि पट्टा लावला. गाडी रस्त्याला लागते न लागते तोच त्याचा फोन वाजला. क्लिनिकमधली बाई विचारत होती, पेशंट अजून आले कसे नाहीत, जरा त्यांना फोन देता का.

जयेशने बापाकडे पाहिलं.

"आत्ता बोलता येणार नाही त्यांना," तो फोनमध्ये म्हणाला. "गाडी चालवतायत."