आईच्या संगणकावरचा पहारा

मी एक अँटीव्हायरस बोलतोय. शिवणकामाच्या एका खोलीतल्या संगणकात राहतो आणि आत येणाऱ्या प्रत्येकाची झडती घेतो.

मला मालकिणी दोन. शाळांचे गणवेश शिवणारी आई आणि छापखान्यात मुद्रितं तपासणारी तिची लेक. मला आणलं लेकीनं. त्याआधी 'तुमचा संगणक धोक्यात आहे' असं वाचून आईनं घाबरून एक बटण दाबलं होतं, आणि चौदा वर्षांची मापं आणि नमुने एका झटक्यात गेले होते. दोन दिवस आईला जेवण गेलं नाही.

तेव्हापासून लेक ताकही फुंकून पिऊ लागली. तिनं तीन अँटीव्हायरस महिना महिना वापरून पाहिले. चाचणीचे खोटे विषाणू आम्ही तिघांनीही पकडले. फरक होता तो इंटरनेटवरच्या पहाऱ्यात. पहिल्याला फक्त चालू आणि बंद कळे. दुसऱ्याला इतकी बटणं, की लेकीलाही घाम फुटला. माझ्यात मात्र काय अडवायचं, कुठे नुसता इशारा द्यायचा, काय सोडायचं, हे ठरवता येत होतं. म्हणून मी पास झालो.

आणि मग लेकीनं सगळंच 'अडवा'वर ठेवलं. पासवर्ड स्वतःकडे.

"आई, तुझ्याच भल्यासाठी गं."

"असेल बाई," म्हणत आई सुईत दोरा ओवू लागली.

दीड वर्ष बरं गेलं. मग एका दुपारी आईनं मशीन थांबवलं, दार लोटून घेतलं आणि एका बोटानं टाइप केलं, 'स्तनात गाठ'. तिनं उघडलेल्या पानावर मला उघड्या शरीराची चित्रं दिसली. मी लाल पाटी पुढे केली: 'हे पान प्रौढांसाठी आहे. परवानगीसाठी व्यवस्थापकाला विचारा.'

व्यवस्थापक म्हणजे लेक. आणि प्रौढ म्हणाल तर आई अठ्ठावन्न वर्षांची.

"मी काही वावगं बघतेय का रे?" तिनं मलाच विचारलं. माझ्याजवळ पाटीशिवाय उत्तर नव्हतं. तीन आठवड्यांत नऊ वेळा मी तेच उत्तर दिलं.

कोणतं पान केव्हा अडवलं, याची मी नोंदवही ठेवतो. महिनाअखेरीस लेकीनं ती उघडली. नऊ ओळी तिनं वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि ती मशीनपाशी जाऊन खाली बसली.

"आई, गाठ कधीपासून आहे?"

"तुला कोणी सांगितलं?"

"संगणकानं."

"चुगलखोर मेला!" आई म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"म्हटलं, आधी आपण वाचून बघावं. काही नसलं तर तुझ्या जिवाला घोर कशाला? पण वाचायचं तरी तुलाच विचारायला हवं होतं ना!"

दुसऱ्याच दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. गाठ वाईट निघाली, पण पसरली नव्हती. शस्त्रक्रिया झाली. "आणखी थांबला असतात तर अवघड होतं," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्याचं लेकीनं मावशीला फोनवर सांगितलं.

आई घरी आल्यावर लेकीनं तिला माझ्यासमोर बसवलं. बँकेच्या नावानं फसवणारी पानं अडवायची, बाकी ठिकाणी इशारा द्यायचा, असं ठरलं. नवा पासवर्ड आईनं घातला. तो दिसू नये म्हणून लेकीनं तोंड फिरवलं होतं.

"आणि ही नोंदवही बंद कर," आई म्हणाली.

"आई, तिच्यामुळेच तर कळलं!"

"कळलं, खरंय. पण ते मी सांगायचं होतं."

लेकीनं नोंदवही बंद केली. कोणाचं चुकलं, हे मला अजून ठरवता येत नाही. एवढंच सांगतो, माझ्यासारख्याला घरात घेताना मी किती विषाणू पकडतो ते जरूर पाहा. पण ज्याच्यासाठी पहारा बसवताय, त्यालाही जवळ बसवून विचारा.

काल आईनं एक पान उघडलं: 'सात दिवसांत सर्व गाठी गायब!' मी पिवळा इशारा दिला आणि बाजूला झालो. तिनं इशारा वाचला, मग पानही वाचलं.

"सात दिवसांत? अरे, एक बाही नीट बसवायला मला दोन दिवस लागतात!" ती हसली आणि पान तिनं स्वतःच बंद केलं.