मोज्यांविना मयत

बायको कीझिया गेली आणि आसा विल्बींच्या घरात पहिला प्रश्न उभा राहिला तो हातमोज्यांचा.

अमेरिकेतल्या त्या बंदरातली रीतच तशी. मयताचं आवतण तोंडी जात नाही, घरोघर हातमोज्यांची जोडी जाते. मोजे आले की माणसाने यायचं. कीझियाच्या आईच्या वेळी दोनशे जोड्या गेल्या होत्या, आणि त्या पुरवल्या होत्या जावयाने, म्हणजे विल्बींनीच. विल्बींच्या वखारीत तेव्हा इंग्लंडचा माल छताला टेकायचा.

पण वखारवाला विल्बी आता उरला होता कुठे? गावाने त्यांना निवडून फिलाडेल्फियाला, इंग्लंडच्या जाचाविरुद्ध भरलेल्या वसाहतींच्या काँग्रेसमध्ये धाडलं. तिथे सात आठवडे घसा फोडल्यावर ठराव झाला: इंग्लंडचा माल बंद, आणि मयताला हातमोजे वाटणंही बंद. खाली विल्बींची सही होती. घोड्यावर हाडं खिळखिळी करून घेऊन घरी पोचले, तर बायको अंथरुणाला लागलेली. पंधरा दिवस तिच्या उशाशी बसायला मिळालं, तेवढंच.

"वखारीत जुने मोजे पडलेत, बाबा," लेक मेहिटबल म्हणाली. "बंदीच्या आधीचे. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

"तुमच्या त्या काँग्रेसपायी आईने सगळं दुखणं एकटीने काढलं. तिच्यासाठी एवढंही नाही?"

विल्बी इतके दमले होते की खुर्चीतून उठवतही नव्हतं. "नाही म्हणजे नाही, पोरी," ते म्हणाले. "ठराव गावात वाचून दाखवलाय. लोकांना कळतं. येतील."

दुपारी दोनला शवपेटी उठवायची होती. दोनाचे अडीच झाले, तीन झाले. पाद्रीबुवा आले, पेटी केलेला सुतार आला. तिसरं माणूस नाही. बर्फातून पेटी न्यायची तरी कुणाच्या खांद्यावर? जिने आख्ख्या गल्लीची बाळंतपणं काढली, तिला पोचवायला दोन माणसं!

"समोरच्या टॅमसनबाई काळे कपडे घालून केव्हाच्या दारात बसल्यात," मेहिटबल खिडकीतून म्हणाली. "मग येत का नाहीत?"

विल्बी उठले, टोपीही न घालता रस्ता ओलांडून गेले.

"मोजे नाही आले, शेट," टॅमसनबाई म्हणाल्या. डोळे रडून लाल झालेले. "म्हटलं, आता मोठ्या लोकांत उठबस तुमची. आमची आठवण कशाला राहील?"

"अहो, कोणालाच नाही पाठवले. ठराव झालाय ना."

"ठराव ठाऊक आहे हो. पण मोजे बंद झाले म्हणजे सांगावाही बंद? तोंड होतं ना तुम्हाला?"

सात आठवडे काँग्रेसच्या त्या दालनात एवढी शहाणी माणसं बसली होती. मोज्यांऐवजी काय करायचं, हे एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. विल्बींना स्वतःलाही नाही.

"कीझिया गेली, बाई," ते म्हणाले. "चला."

"चला. पण आधी बाकीच्यांना सांगू. सगळे आवरून बसलेत."

मग तेच दारोदार. कीझिया गेली, चला. पिंपवाल्याकडे, लोहाराकडे, दोरवाल्याच्या विधवेकडे. लोक निमूट उठून मागे येत होते. बाराव्या दाराशी विल्बी "कीझिया" एवढंच म्हणाले, आणि कीझिया गेल्यापासून पहिल्यांदाच ते ढसाढसा रडले.