भोकरटेपची कमान

आमच्या भोकरटेपात राहणारी माणसं थोडी आणि भोकरटेपची म्हणवणारी फार. लोधिवलीच्या पुढं जुन्या मुंबई-पुणे हायवेवरून आत वळलं की रस्त्याच्या शेवटाला आमची वाडी लागते. एवढ्याशा वाडीला मंडळं मात्र दोन आणि एक शाखा. पोटापाण्यासाठी मुंबईला गेले त्यांचं मुंबई मंडळ, पुण्याला गेले त्यांचं पुणे मंडळ, आणि कुठंच गेले नाहीत त्यांची ग्रामीण शाखा. मंडळांना अध्यक्ष असतात, शाखेला नुसता चिटणीस. तो मी, जगदीश. मंडळं आली की सतरंज्या घालायच्या, चहा ठेवायचा; मंडळं गेली की सतरंज्या झटकायच्या.

मुंबई मंडळाचे अध्यक्ष पदूदादा राहतात दिव्याला. पुणे मंडळाचा अध्यक्ष रूपेश राहतो देहूरोडला. मुंबई मंडळात मुंबईत राहणारा एकही नाही, हे मी एकदा चहा ओतता ओतता बोलून गेलो, तर पदूदादांनी कप तसाच खाली ठेवला आणि पुढचा सगळा पावसाळा माझा फोन उचलला नाही.

गोष्ट सुरू झाली ती पुतळाकाकीच्या मागणीपासून. तिचा नवरा, आमचा सोमाकाका, दोन वर्षांपूर्वी गेला. भर दुपारी छातीत कळ आली. मी फोन लावला, अँब्युलन्स निघाली, आणि हायवेवर पुढं-मागं फिरत राहिली. आमच्या फाट्यावर फार्महाऊसच्या पाट्या आहेत, रिसॉर्टच्या आहेत, प्लॉट विकणाऱ्यांच्या तर झाडागणिक आहेत. भोकरटेपची नाही. मोबाईलच्या नकाशात आमच्या जागी एका बंगल्यांच्या स्कीमचं इंग्रजी नाव येतं. गाडी पोचली तेव्हा काकी सोमाकाकाच्या उशाशी बसून त्याला वारा घालत होती, आणि त्याची गरज संपली होती. ड्रायव्हर बिचारा रडकुंडीला आलेला. म्हणाला, "मावशी, फाट्यावर एक पाटी असती तर."

ते वाक्य काकीच्या डोक्यात बसलं. यंदा बुद्धपौर्णिमेला दोन्ही मंडळं आली. विहारात वंदना झाली, खीर झाली, आणि सभा सुरू व्हायच्या आत काकी उभी राहिली.

"मला कायबी नको. फाट्यावर पाटी लावा. आमच्या रूपाला दिवस गेल्यात. ईकास तकडं माथेरानला हाटेलात. येळ आली तर गाडी घरी याया पायजे. येवडंच."

रूपा तिची सून, विकास मुलगा. काकी बसली. मला वाटलं, आता काय, कुणीतरी पत्रा आणील, मी रंग आणीन, संध्याकाळपर्यंत काम होईल. मी भोळाच.

पदूदादा उठले. "पाटी? मुंबई मंडळ असताना पाटी? लोक काय म्हनतील? कमान बांधू कमान! वरती मोठ्या अक्षरात, मुंबई मंडळ."

रूपेश बसल्या जागेवरून म्हणाला, "कमानीला आमची ना नाय, दादा. पन नाव पुन्याचं पायजे. चार लोकांना ठाव आसलेलं."

झालं. त्यानंतर पाटी हा शब्द काही कुणाच्या तोंडून निघाला नाही.

"पुनं कुनाला ठाव हाय रं? मुंबईचं नाव जगात कुटंबी घे."

"जगात मुंबईची गर्दी ठाव हाय. पुन्याची हुशारी ठाव हाय."

"तुज्याकडं समुद्र हाय का?"

"हाय ना तुमच्याकडं. प्या मग."

जेवणं झाली तरी हे चालूच. कुणाकडं विमानं जास्त उतरतात, कुणाच्या पोरी परदेशात जास्त दिल्यात, सगळं निघालं. दिवा आणि देहूरोड इतक्या तावातावानं भांडताना मी पहिल्यांदा पाहिले. शेवटी त्रयस्थ माणूस हवा असं ठरलं, आणि त्रयस्थ म्हणून सापडला पोशा. तो वरच्या ठाकरवाडीचा. रानभाजीचा भारा घेऊन दारात टेकला होता.

"पोशा, खरं सांग," पदूदादा म्हणाले, "मुंबई आन पुनं, जास्ती ठावकं काय?"

पोशानं दोघांकडं नीट बघितलं. "मला चौक गाव ठाव हाय," तो म्हणाला. "तितं माजी भाजी खपते."

दोन्ही मंडळं खदाखदा हसली. त्या दिवसात त्यांचं एकमत झालं ते तेवढंच. पोशानं भाजीचा भारा उचलला आणि चौकच्या वाटेला लागला.

तह व्हायला पुढं दोन महिने गेले. एक खांब मुंबईचा, एक पुण्याचा, ज्याच्या त्याच्या वर्गणीतून. वरच्या पट्टीवर, पुढून आणि मागूनही, आपापल्या खांबाच्या बाजूला आपापलं नाव. अक्षरांची उंची टेपनं मोजून सारखी. तरीही डाव्या हाताला मुंबई, म्हणजे वाचताना आधी मुंबई, यावर गाडं अडलं. मग रूपेशच्या ध्यानात आलं की वाडीतून बाहेर पडणाऱ्याला तीच कमान मागून दिसणार, आणि मागून वाचलं की पुणं आधी येणार. तो खूश झाला. पदूदादाही खूश झाले, कारण बाहेर जाणाऱ्याला कोण विचारतो! मधल्या जागेत 'हार्दिक स्वागत' टाकायचं ठरलं.

"आन वाडीचं नाव?" मी विचारलं.

पदूदादांनी माझ्याकडं कीव केल्यासारखं बघितलं. "आरं, वाडी आपलीच ना? आपल्याला ठाव नाय का?"

"जागाबी नाय उरली," रूपेश म्हणाला. "पुडच्या टायमाला बघू."

मला संताप आला. मी म्हटलं, निदान खांबाच्या पायथ्याशी तरी लिहू. तर कुणाच्या खांबाच्या, हा प्रश्न निघाला, आणि सभा पुढं ढकलावी लागली. मी स्वतःच्या हातानं एक पत्रा रंगवून फाट्यावर ठोकला, तो कमानीचा पाया खणताना कामगारांनी काढला आणि त्यावर सिमेंट कालवलं. काकी रोज फाट्यावर जाऊन बघायची. आधी खांब वर आले, मग पट्टी चढली, मग अक्षरं. तिला वाचता येत नाही. "झालं का रं नाव?" ती मला विचारायची, आणि मी म्हणायचो, "व्हतंय, काकी." याहून वाईट खोटं मी बोललेलो नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी उद्घाटन ठेवलं. कमान खरंच देखणी झाली होती, खोटं कशाला बोलू! निळा रंग, सोनेरी अक्षरं, वर लायटिंग. खाली मांडव, स्पीकर, खुर्च्या. लाल फीत एकच आणि कात्र्या दोन, कारण कापायची कुणी हे काही ठरलं नव्हतं. पदूदादांनी मुंबईच्या नावानं भाषण सुरू केलं. रूपेश माईकची वाट बघत घड्याळाकडं बोट दाखवत होता.

तेवढ्यात शेजारची हर्षला वाडीतून धावत आली. रूपाला कळा सुरू झाल्या होत्या. दिलेल्या तारखेच्या बऱ्याच आधी.

मी फोन लावला. पत्ता सांगितला, फाटा सांगितला. रूपाला माझ्या टेंपोत गादी टाकून कमानीपर्यंत आणायचं आणि तिथं अँब्युलन्समध्ये घ्यायचं असं ठरलं, म्हणजे आतल्या रस्त्याचा वेळ वाचेल. टेंपो आणला, मांडवाच्या कडेला लावला. काकी रूपाचा हात धरून आत बसलेली. रूपा ओठ चावत होती, पण तिच्या कण्हण्यावर स्पीकर चढला होता.

गाडी येईना. मी परत फोन केला. ड्रायव्हर म्हणाला, "अहो, मघापासून शोधतोय. भोकरटेप कुठं आलं?"

"कमान दिसली का, निळी?"

"दिसली ना. पण तिथं मुंबई मंडळ, पुणे मंडळ असं काहीतरी लिहिलंय. शहरातल्या लोकांचं फंक्शन दिसतंय. मी पुढं आलो. तुमच्या गावाची पाटी कुठाय?"

फोन स्पीकरवर होता. काकीनं ऐकलं. ती माझ्याकडं बघत राहिली, आणि मला वर बघवेना.

"नाव नाय लिवलं?" तिनं विचारलं.

"नाय, काकी."

तिनं रूपाचा हात हर्षलाच्या हातात दिला, टेंपोतून खाली उतरली, लुगडं खोचलं आणि धावत सुटली. मांडवातून, खुर्च्यांमधून, सरळ कमानीकडं. "काकी, फीत! फीत!" रूपेश ओरडला. पण ती फितीसकट पार झाली. फीत तुटली, तिच्या अंगाला गुंडाळली गेली, आणि तीच सोडवून हातात घेऊन ती हायवेच्या मधोमध उभी राहून हलवायला लागली. गाड्या करकचून थांबल्या, हॉर्न वाजले, शिव्या पडल्या. ती हलली नाही. सोमाकाकाच्या वेळी ती घरात गाडीची वाट बघत बसली होती. आता बसणार नव्हती.

अँब्युलन्स मागं वळून आली. कमानीतून आत शिरणारी पहिली गाडी तीच. उद्घाटन झालं म्हणायचं.

रूपाला आत घेतलं, पण गाडी काही हलली नाही. आतल्या सिस्टरनं डोकं बाहेर काढून सांगितलं, "आता न्यायला वेळ नाही. स्पीकर बंद करा आणि लांब व्हा." दार बंद झालं. दोन्ही मंडळं इतकी गप्प उभी राहिलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती. काकी दाराला कपाळ लावून उभी होती, आणि तिच्या मुठीत ती फीत.

मग आतून रडणं ऐकू आलं. बारीक, पण ठणठणीत. मुलगी झाली होती. मी, सांगायला लाज कसली, ढसाढसा रडलो.

पदूदादांनी डोळे पुसले, घसा साफ केला आणि कमानीकडं नजर टाकली. "गाडी मुंबईच्या खांबापाशी हाय," ते म्हणाले.

"तोंड मुंबईकडं आसल," रूपेश म्हणाला, "दार पुन्याच्या खांबाशी हाय. जन्म दाराकडं धरत्यात."

"कोन धरतं?"

दार उघडलं. सिस्टरच्या हातात गुंडाळलेलं बाळ होतं आणि तोंडात पेन. तिनं चिकटपट्टीचा एक तुकडा फाडला, त्यावर रूपाचं नाव लिहिलं आणि विचारलं, "गाव कोणतं?"

"मुंबई मंडळ," पदूदादा म्हणाले.

"पुणे मंडळ," रूपेश म्हणाला.

सिस्टरनं वर कमानीकडं बघितलं, मग त्या दोघांकडं. "मी गाव विचारलं."

"भोकरटेप," काकी म्हणाली. "भो-क-र-टे-प. मोट्या अक्षरात लिवा, बाय."

सिस्टरनं लिहिलं आणि ती पट्टी बाळाच्या मनगटाला गुंडाळली. काकीनं पुढं होऊन तो हात आपल्या बोटावर घेतला आणि मला जवळ बोलावलं.

"वाच रं. नीट लिवलंय का?"

मी वाचून दाखवलं. तिनं परत वाचायला लावलं. मी परत वाचलं.

"ह्ये तवा फाट्यावर आसतं तर हिचा आजा वाचला आसता," ती म्हणाली, आणि बाळाला घेऊन गाडीत चढली.