किमान चार माणसं

महालाच्या तिकीटखिडकीपाशी मी सवयीने बोलून गेलो, "दोन द्या, ज्येष्ठ नागरिक." दोन मागायची सेहेचाळीस वर्षांची सवय. माझी बायको क्वेता जाऊन चौदा महिने झाले, पण माझ्या तोंडाला काही ते कळलेलं नाही. खिडकीतल्या पोरीने दोन तिकिटं फाडली. चूक सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात काचेवरची पाटी वाचली: किमान चार माणसं असतील तरच फेरी निघेल.

माझ्या मागे प्ल्झेन शहराहून आलेलं एक तरुण जोडपं उभं होतं. ते दोघं आणि मी एकटा. म्हटलं, यारोमीर, गप्प बस.

कारण वर्षातली ही शेवटची फेरी होती. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, दुपारचे तीन. बागेतल्या पुतळ्यांभोवती थंडीसाठी फळ्या ठोकून झाल्या होत्या. खालच्या तळ्याचं पाणी सोडून मासे काढणं चाललं होतं आणि सगळं गाव तिकडे लोटलं होतं. उद्यापासून महाल बंद, तो थेट एप्रिलपर्यंत. आणि माझे हृदयाचे डॉक्टर एप्रिलचा विषय निघाला की कागद चाळायला लागतात.

मला बघायचं होतं फक्त मोठ्या दालनाचं छत. वीस वर्षांपूर्वी क्वेताने पाच उन्हाळे तिथे परांचीवर उताणं पडून सोन्याचा वर्ख लावला. त्या पाच उन्हाळ्यांत मी एकदाही इकडे फिरकलो नाही. का, तर रुसलो होतो. "त्या सरदाराच्या छताशीच संसार कर," असं म्हणालो होतो तिला. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि अक्कल ही अशी.

महाल दाखवणाऱ्या श्राम्कोवाबाई साठीच्या, हातात किल्ल्यांचा जुडगा. दारातल्या टोपलीतून आम्ही जाड लोकरी नमद्याच्या सपाता उचलल्या आणि बुटांवरून चढवल्या. त्याशिवाय आतल्या लाकडी जमिनीवर पाय टाकू देत नाहीत.

"तिकिटं चार गेलीत. चौथं माणूस कुठाय?"

"आमची ही जरा बाथरूमला गेलीय. येईल मागून. तुम्ही चला."

"मागून कशी येईल? मी दारं लावत जाते."

"बायकांचं तुम्हाला ठाऊकच आहे."

"मीही बाईच आहे, आजोबा," त्या म्हणाल्या. पण त्यांनाही मासे संपायच्या आत तळ्यावर पोचायचं असावं. निघालो.

प्रत्येक दालनात तेच. आम्ही आत गेलो की बाई माणसं मोजणार, माझ्याकडे बघणार आणि कुलूप लावणार. जेवणाच्या दालनात प्ल्झेनच्या पोरीने हळूच विचारलं, "आजी रुसल्यात का?"

"रुसण्याचं काम आमच्यात माझ्याकडे असतं," मी म्हणालो. ती हसली.

मोठ्या दालनाच्या दारापाशी बाई थांबल्या. हातातल्या वॉकीटॉकीवर काहीतरी बोलल्या आणि माझ्याकडे वळल्या. "बाथरूम रिकामं आहे. माणूस आत हरवलं तर जाब मला द्यावा लागतो. आजी कुठे आहेत ते खरं सांगा, नाहीतर इथूनच सगळ्यांना परत नेते."

"ती वारली," मी म्हणालो. "तिकीट चुकून काढलं गेलं. पण एवढं दार उघडा, बाई. आतलं सोनं तिच्या हातचं आहे. मला तेवढंच बघायचंय."

बाईंनी किल्ल्यांचा जुडगा खाली केला. "तुम्ही क्वेताचे यारोमीर?"

"हो."

"आलात म्हणायचं एकदाचे." आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "दर शनिवारी ती खाली उतरायची, हात धुवायची, धुतलेला ब्लाउज घालायची. तुम्ही बाराच्या गाडीने याल म्हणून. आम्ही इथली माणसं जेवायची थांबायचो. एक वाजला की म्हणायची, कामात असेल, चला, बसू या."

कामात कसला. शनिवारी मी बागेत टोमॅटोला पाणी घालत असायचो. लाज वाटली. इतकी, की त्या दोन पोरांकडे बघवेना.

बाईंनी दार उघडलं. मी वर बघितलं. वेली, शंख, गुबगुबीत देवदूत, सगळीकडे सोनंच सोनं.

"यातलं तिचं कुठलं?"

"अर्धं जुनं आहे, अर्धं तिचं. कुठलं ते नाही सांगता यायचं, मलाच काय, कुणालाच. ओळखू आलं तर काम फसलं, म्हणायची. मी किती मागे लागले होते तिच्या. तर म्हणे, यारोमीर येईल ना, तेव्हा त्यालाच दाखवीन."

मान दुखेपर्यंत मी बघत राहिलो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळं सोनं सारखंच होतं.