आईचं जावळ

सुनंदाच्या डोहाळजेवणाला शेवंती कमी पडली. माळ्याचा दोष नव्हता; वेणीच वाढली होती. लग्नात जी एका मुठीत मावत होती, तिला आता दोन हात लागत, आणि विंचरून झाल्यावर फणी धुतल्यासारखी स्वच्छ निघे.

अमळनेरजवळच्या त्या गावात १९३४ साली एवढा मोठा चमत्कार बेवारशी राहणं शक्य नव्हतं. नवरा रुपचंद मॅट्रिक झालेला असल्यामुळे त्याने श्रेय धुळ्याहून आणलेल्या सुवासिक तेलाच्या बाटलीला दिलं. सासू भागाबाईने ते स्वतः उकळलेल्या माक्याच्या तेलाला दिलं. शेजारच्या भिकुबाईने आपण अजून नजर लावलेली नाही, एवढंच नम्रपणे सुचवलं.

सुनंदा धुळ्याला माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली, नाव कुंदा ठेवलं. चौथ्या महिन्यात मायलेकी सासरी आल्या, त्याच सुमारास कुंदा खळखळून हसू लागली आणि सुनंदाचे केस गळू लागले. उशीवर केस, दुपट्यात केस, कुंदाच्या मुठीत केस. एकदा रुपचंदच्या भाकरीत एक हातभर केस निघाला. शिकलेला माणूस म्हणून त्याने तो बराच वेळ उजेडात धरून पाहिला. सगळ्या श्रेयकऱ्यांनी आपापली श्रेयं गुपचूप परत घेतली.

निकाल भिकुबाईने दिला.

"पोर हासस ना, तवय मायना केस जातस. एक हासू, एक झुपका."

"याला शास्त्राधार नाही," रुपचंद म्हणाला.

"मंग तुनं शास्त्र काय सांगस?"

रुपचंदने तेलाची बाटली उचलून पाहिली. बाटलीवरच्या चित्रातली बाई पायघोळ केस सोडून हसत होती, पण तिला मूल झालेलं दिसत नव्हतं.

सुनंदा एकोणीस वर्षांची होती आणि सासरी तिची ओळख वेणीवरून होती. "वेणीवाली सून" म्हणत. वेणी गेल्यावर काय म्हणतील, हे तिने स्वतःशी बोलून पाहिलं होतं. तिने कुंदाला हसवणं बंद केलं. पाजताना तोंडावर पदर घ्यायचा, नजरेला नजर द्यायची नाही, पाळणा हलवायचा तो भिंतीकडे बघत. कुंदाने पहिले काही दिवस आशेने वाट पाहिली. मग तीही गंभीर झाली. पाळण्यात ती मामलेदारासारखी पडून राही आणि येणाऱ्याकडे असं बघे की त्याला आपला अर्ज फेटाळल्यासारखं वाटे.

हे भागाबाईला सहन होईना. नात आजीलाही हसेना. फाल्गुनातल्या एका सकाळी तिने तेलाची वाटी घेतली आणि सुनेला ओट्यावर उन्हात बसवलं.

"पोरनं हासणं कुठे गयं वं?"

"आत्याबाई, ती हसली तर मी टकली होईन," सुनंदा म्हणाली आणि रडू लागली.

भागाबाई पाच बाळंतपणं झालेली बाई होती. तिच्याकडे या विषयावर पुष्कळ बोलण्यासारखं होतं. तिने सुनेच्या कपाळावरचे केस मागे सारले, तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

कपाळाच्या कडेने, कानाच्या वरपर्यंत, बोटाच्या पेराएवढे नवे केस उभे होते. मऊ, सरळ, उन्हात तांबूस दिसणारे. जुने लांब केस सोडून चालले होते आणि त्यांच्या जागी कोणालाही न विचारता ही गर्दी उगवली होती. ना माक्याने, ना बाटलीने.

भागाबाईने पाळण्यातून कुंदाला उचललं आणि तिचं डोकं सुनेच्या कपाळाला लावलं. लांबी तीच. मऊपणा तोच. कोणतं कोणाचं, तिला बोटाने सांगता येईना.

"तुले बी जावळ उनं, माय," ती हळूच म्हणाली.

"जावळ? मला आलं?"

कुंदाला सुनेच्या मांडीवर ठेवून भागाबाईने आतून आरसा आणला. रुपचंद काय झालं म्हणून बाहेर आला, त्याने वाकून पाहिलं आणि देवळात शिरताना घालतो तशी हातातली टोपी डोक्यावर घातली. का घातली, ते त्यालाही कळलं नाही.

"मनं बी असंच व्हयेल ऱ्हाई का रे?" भागाबाईने त्याला विचारलं. "पाच डाव. कोन्हीच देखं नही." आणि तिने आपल्या पिकल्या केसांवरून, कपाळाच्या कडेने, बोट फिरवलं.

सुनंदा आरशात स्वतःकडे बघत राहिली. मग आरसा बाजूला ठेवून, तोंडावर पदर न घेता तिने कुंदाकडे पाहिलं. कुंदाने ही बाई पूर्वी कुठेतरी पाहिल्याचा विचार केला. विचार लांबला.

सुनंदा आधी हसली. मग कुंदा हसली, अंग घुसळून, गळ्यातून आवाज काढून, आणि दोन्ही मुठींनी आईची बट धरून ओढली. बट सुटून तिच्या हातातच आली.

भिंतीपलीकडून भिकुबाई ओरडली, "हासनी का वं पोर? गयात ना केस?"

"गेले, भिकुबाई," सुनंदा म्हणाली. "थांबा, अजून हसवते आहे."