न्हावरे ते शिरूर, बिनब्रेक

"ब्रेक दाबा, नबीभाय! ब्रेक!" मागून संपत ओरडला.

नबीलालने ब्रेक दाबला नाही. जीपची मागची बाजू विहिरीकडे निघाली होती. त्याने स्टिअरिंगही तिकडेच फिरवलं. ड्रायव्हरला मरायचंय, अशी संपतची खात्री पटली. पण जीप शहारली आणि नाकासमोर सरळ झाली.

"पावसात भिजल्या काळ्या मातीत ब्रेक दाबला की गाडी आपली ऱ्हात न्हाई," नबीलाल म्हणाला. "तू मडकं धर."

मडक्यात नाग होता. न्हावऱ्याच्या मळ्यात तासाभरापूर्वी तो संपतच्या बायकोला, साळूबाईला चावला होता. डॉक्टर विचारणार कोणता साप, मग वाद नको, म्हणून संपतने तो जिवंत धरून, वर फडकं बांधून सोबत घेतला होता. गटविकास कार्यालयाच्या जीपमध्ये अर्ज न करता बसलेला तो पहिलाच.

शिरूर अजून सहा मैल. पुढची चाकं जोडणारा छोटा दांडा ओढलेला, दुसरा गिअर, पाय एका जागी. थांबलो तर रुतलो, पळालो तर विहिरीत, एवढंच नबीलालचं शास्त्र.

"वहिनी, बोलत ऱ्हावा."

"काय बोलू?" आडवी पडलेली साळूबाई जड जिभेनं म्हणाली. "बांधावरची बिळं बुजवा, सांगून दमले ह्यास्नी. तर ह्ये बिळातला पाव्हना गाडीत घिऊन..."

ओढ्याच्या उतारावर जीप घसरली. मडकं फुटलं.

"नबीभाय," संपत हळूच म्हणाला, "त्यो तुमच्याकडं आलाय."

नबीलालने खाली पाहिलं. नाग ॲक्सिलरेटरवरच्या पायावर वेटोळं घालत होता. पुढे पाणी. पाय उचलावा तर गाडी पाण्यात बंद पडणार; दाबावा तर पाहुण्याला राग. इतका एकसारखा गॅस त्याने उभ्या जन्मात दिला नव्हता.

"वहिनी, बोला."

साळूबाईच्या पापण्या मिटत आल्या होत्या.

"साळू?" संपतने परक्या माणसासमोर तिला पहिल्यांदाच नावानं हाक मारली. "ए साळू!"

जीपला दारं नव्हती. ओढा एका बाजूनं आत शिरला, दुसऱ्या बाजूनं निघाला आणि जाताना नागाला घेऊन गेला. नबीलालने वळून पाहिलं नाही. चढावर चाकं नुसतीच फिरू लागली. टायरच्या कडांना घट्ट माती सापडेपर्यंत तो स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत राहिला. जीप कुंथत वर आली.

शिरूरच्या दवाखान्यात साळूबाईला उचलून नेलं. डॉक्टरांनी पापण्या पाहिल्या, सुई भरली. साप कोणता, ते विचारलंच नाही.

तासाभरानं संपत बाहेर आला. जीप दाराशीच होती, इंजिन चालू.

"बोलली, नबीभाय!"

"काय म्हनली?"

"मला न्हाई कायबी. म्हनली, डायवरला च्या पाजा. चला."

"तू हो फुडं," नबीलाल म्हणाला.

संपत वळल्यावर त्याने दोन्ही हातांनी स्वतःचा उजवा गुडघा धरला, ॲक्सिलरेटरवरून आखडलेला पाय उचलला आणि तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा जपून बाजूला ठेवला.