आई बसली की अडतं

घरात त्याला ‘शास्त्रज्ञ’ म्हणत. ही पदवी बायकोने दिलेली. ती गौरवाची नव्हे, हे त्याला अजून उमगलं नव्हतं. ऑफिसातून मोडीत निघालेला कॉम्प्युटर त्याने चपलांच्या कपाटावर बसवला, घरातले सगळे सिनेमे त्यात भरले आणि जाहीर केलं, “हा आपला सर्व्हर. आता कुठल्या ॲपची वर्गणी भरायला नको!”

वर्गणी थांबली, पाठोपाठ सिनेमेही थांबू लागले. नायिका रडायला तोंड उघडायची आणि तशीच राहायची. अश्रू पुढच्या झटक्यात.

“रविवारपर्यंत धड चाललं नाही, तर तुझं खोकं माळ्यावर,” बायकोने बजावलं.

शास्त्रज्ञ कंबर कसून कामाला लागला. राउटर हॉलमधून स्वयंपाकघरात गेला आणि हात हलवत परत आला. नवी केबल दारात अशी ताणली, की येणारा प्रत्येक जण वाकूनच आत येई. शेजाऱ्यांच्या वायफायवर संशय घेऊन झाला. दर दुरुस्तीनंतर तो एकटा बसून सिनेमा लावून पाही. त्याआधी न चुकता सबटायटल्स बंद करी, कारण चित्रावर अक्षरं म्हणजे त्याला भिंतीवरच्या रेघोट्या वाटत. सिनेमा लोण्यासारखा चाले. संध्याकाळी त्याची आई टीव्हीसमोर खुर्चीत बसली, की पुन्हा उचकी लागे आणि तो पडद्याकडे न बघता थेट सर्व्हरकडे धावे.

मग त्याने रीतसर प्रयोग केला. आई हॉलमध्ये: अडतं. आई आत: चालतं. पुन्हा एकदा, तेच. निष्कर्ष स्पष्ट होता. दोष आईत होता.

“आई, तू बसलीस की अडतं!” तो ओरडून म्हणाला.

“म्हणजे मी पांढऱ्या पायाची?”

“पुराव्यानिशी,” बायको आतून म्हणाली.

शनिवारी तो सर्व्हरवर नजर ठेवून आईच्या मागेच बसला. सिनेमा सुरू झाला. आईने हळूच रिमोट उचलला आणि सबटायटल्स लावली. त्याबरोबर सर्व्हरला धाप लागली. ती अक्षरं चित्रांच्या रूपात होती. एकेक चित्र सिनेमावर चिकटवून सगळं नव्याने रंगवता रंगवता बिचाऱ्याचा जीव जात होता.

“आई, आपल्याच भाषेतला सिनेमा आहे. अक्षरं कशाला?”

उत्तर नाही. त्याने आणखी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा बेंबीच्या देठापासून.

“हळू!” आईने स्वयंपाकघराकडे पाहिलं. “ऐकू कमी येतं. सुनेला कळलं, तर उद्यापासून घरभर माझ्याशी ओरडून बोलाल आणि महत्त्वाचं काही सांगणारच नाही. मग मी उरले कशापुरती?”

शास्त्रज्ञाने आपली खुर्ची तिच्याजवळ सरकवली.

“नाही सांगत,” तो तिच्या कानाशी म्हणाला. “पण सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे. दोघंच.”

“बघू,” म्हणत तिने मान हलवली.

त्याने ती चित्रं काढून साधी मजकुराची सबटायटल्स घातली. ती दाखवायचं काम टीव्हीच करी. रविवारी सिनेमा सलग चालला. नायिका मनसोक्त रडली.

“काय बिघडलं होतं रे?” बायकोने विचारलं.

त्याने आईकडे पाहिलं. ती पडद्यावरची अक्षरं वाचण्यात गुंग होती.

“माझंच चुकलं होतं.”

लग्नानंतर हे वाक्य या घरात प्रथमच उच्चारलं गेलं. बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.